फाडायचा कागद

शुक्रवारी रात्री बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये
आम्ही सातजणी आणि एकटा वॉरिक
फरशीवर गुडघे टेकून क्रेप कागद जोडत होतो.
मोरपंखी, पांढरा, मोरपंखी.
चिकटपट्टी दातांनी तोडायची;
कात्री कायम दुसऱ्या कुणाच्या तरी बुडाखाली.

सतरा हंगाम आम्ही ही भिंत बांधतोय
आणि शनिवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी
डार्सी कर्निक ती फाडून मैदानात येतो.
तेवढंच तिचं आयुष्य.
शहरातली भाची विचारते, वाईट नाही वाटत?
मी म्हणते, पाव भाजणाऱ्याला वाटतं का?

काय लिहायचं यावरून मात्र या वेळी जुंपली.
ओरिएलला हवं होतं ‘धन्यवाद, कॅप्टन’.
थेल्मा म्हणाली, बँकेचं पत्र वाटतंय.
वॉरिकने वहीतून आकडे काढले:
तीनशे चार सामने, एकोणीस गोल.
एकोणीसच. मागच्या फळीतला माणूस तो,
दुसऱ्याचे गोल होऊ न देणं हे काम,
आणि न झालेल्या गोलांना फळ्यावर जागा नसते.
अजिंक्यपद एकही नाही.
ते लिहा असं कुणी म्हटलं नाही,
पण सगळ्यांच्या हातातली चिकटपट्टी थांबली.

कारण सगळ्यांना तोच सामना आठवला.
अंतिम सामना, आम्ही चार गुणांनी पुढे,
मिनिटभर उरलेलं, खाडीवरून वारा,
त्यांच्या पोराची लाथ बसली
आणि डार्सी दोन खांबांच्या मधोमध उंच उडाला.
बोट लागलं असतं तर एक गुण.
नसतं तर सहा.
पंचाच्या डोळ्यांवर ऊन होतं. त्याने डार्सीलाच विचारलं.
कुंपणाला लागून उभ्या सगळ्या गाड्यांमध्ये
आम्ही काचा खाली करून बसलो होतो,
हात हॉर्नवर.
तो म्हणाला, नाही लागलं.

दोन गुणांनी हरलो.
गावाने त्याला माफ करायला दोन हिवाळे घेतले.
मी तीन.
माझा केनेथ तर म्हणायचा,
देवालासुद्धा ऐकू गेलं नसतं रे, हो म्हणाला असतास तर.

पुढे केनेथ गेला, त्या आठवड्यात
डार्सी आला. फुलं नाहीत, दोन शब्दही नाहीत.
गॅरेजचं दार किती महिने अडकलेलं,
ते उचलून त्याने रुळावर बसवलं,
अर्धा चहा ठेवला आणि धान्याचा ट्रक घेऊन
बंदराकडे निघून गेला.
दार अजून एका बोटाने सरकतं.

रात्री साडेअकराला मीच खडू उचलला.
कुणी अडवलं नाही.
वॉरिक नुसता नाक शिंकरत राहिला.

शनिवारी चार पोरांनी बांबू धरले.
तो बोगद्यातून धावत आला, गुडघ्याला पट्टी,
मागे त्याच्या निम्म्या वयाची पोरं,
आणि कागदासमोर गपकन थांबला.
सतरा वर्षांत कधी थांबला नव्हता.

हातभर उंचीची अक्षरं होती:
नाही लागलं.

वाचायला दोन शब्द; त्याला बराच वेळ लागला.
मग त्याने उजवा हात वर केला,
तीनदा मोडून वाकडं झालेलं ते बोट
‘ला’च्या कान्याजवळ अलगद टेकवलं,
आणि दाबलं.
टिचभर भोक. त्यातून आम्हाला
आधी नख दिसलं.
एक गाडी वाजली, मग दुसरी,
मग मैदानाभोवतीच्या सगळ्या,
गोल नसताना, सामना सुरू व्हायच्या आधी,
पेस्टी गरम करणाऱ्या बायका टपरीबाहेर आल्या,
समोरच्या संघाचे लोकही भोंगे दाबत सुटले.

मग तो खांदा पुढे घालून आरपार गेला,
नेहमीसारखा.

त्या दिवशी हरलो की जिंकलो, वॉरिकला विचारा.
मी कागद गोळा करत होते.
थोडा राहिलाच;
मंगळवारी बार्लीच्या शेताच्या तारेला
मोरपंखी चिंधी फडफडत होती.
काढायला गाडी थांबवली,
आणि तशीच पुढे नेली.